डाव्या पायाचं टेंगूळ

चामोर्शीकडून, दिवाळी झाल्यावर, १९५४

तीर्थरूप मनसारामदादाले लहान्या भावाचा, उमाजीचा, साष्टांग नमस्कार. (आठ अंगाइपैकी डावा पाय सध्या बिघडून हाये, तवा नमस्कार सातच अंगाचा समजा. आठवं बरं झालं का बाकी देतो.) तुमची तब्येत कशी हाये? वयनीचा खोकला गेला का? गोंडपिपरीकडे धान कसा झाला? इकडे समदे खुशाल हायेत. माही घरवाली गोकुळा तर फारच खुशाल हाये, आन तिच्या खुशालीपायीच मी दुखी हाये.

दादा, आपल्या बापानं जमीन तर काई देल्ली नाई, पन डाव्या अंगठ्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ मातर दोघाइले सारखं वाटून देलं. माह्यं अवंदा फारच फुगलं. अंगठा असा वाकडा झाला का शेजारच्या बोटाच्या अंगावर जाऊन निजते. चालताना ठणकते. पन ठणक्याचं काई नाई, तो सोसता येते. खरी बला हे का त्या टेंगळाचा माग चिखलात उमटते! आपुन ढिवर मानसं, तलावाच्या काठचे. कोनाची म्हैस कुठी गेली, हे माग पाहून सांगनारे. त्यात गोकुळा तर अशी का शिकाऱ्याइले शिकवल. आन माह्यासारखा माग अख्ख्या गावात दुसरा नाई, जसा का सरकारी शिक्का.

तुमाले ठाऊक हाये, मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाचात राणीचं सोंग मी मिशी फुटली तवापासून करून राह्यलो. अवंदा गोकुळानं साफ बंदी केली. मागच्या मंडईत रातभर नाचलो, पाय सुजला, पंधरवडा खाटेवर पडलो, आन धान तिनं एकटीनं कापला. तिचं म्हननं, नातू झाला, आता लुगडं पुरे. (यात थोडं खरं हाये, पन थोडंच.) आता माह्या बिगर राणी कोन? लच्छू ढोलकीवाला म्हनते, तू नाई आला तर सुकलूले उभा करतो. सुकलू! दादा, सुकलू राणी झाला तर राजा सोताहून वनवासात जाईल. तवा मी रोज दुपारी जाळं खांद्यावर टाकून मासोळ्याले जातो म्हनतो, आन तलावाच्या पल्याड दंडारीच्या तालमीले पळतो. घुंगरू बांधून एक गिरकी घेतली का दारात गोकुळा उभी, कमरेवर हात. माग काढत आल्ली!

तवा इलाज सुरू केला. पोचू वैदूनं रुईचं पान गरम करून बांधलं, वरून हळद-तेल थापलं, आन दोन बोटाइच्या मधात बांबूची चिपाटी ठोसली. ठणका जरा कमी झाला, पन तालमीपर्यंत माग पिवळा उमटला. मंग चांद्याले डाक्टरकडे गेल्लो. मोठा देवमानूस. माहा पाय सोताच्या मांडीवर घेऊन पाह्यला. (धुऊन नेल्ला होता, फिकर करू नका.) म्हने, पान बांधून हाड बसत नाई. एक रस्ता, रुंद जोडे घाल, कापसाची गादी लाव; दुखनं कमी होईल, टेंगूळ राहील. दुसरा रस्ता, वरचं टेंगूळ तासून टाकू. तिसरा, हाड कापून अंगठा सरळ करू, मंग पायाले पलस्तर, आन दीड महिना पाय भुईवर ठेवाचा नाई. मी म्हनलं, मंग तर वापस येनार नाई ना? तर म्हने, येऊ बी शकते! मी हात जोडले. म्हनलं, साहेब, दीड महिन्यात मंडई बी जाईल आन राणी बी जाईल, तुमी फक्त माग बदलून द्या. त्यानं चष्मा काढून असं पाह्यलं का आता पाय सोडून डोकं तपासते का काय.

शेवटी रुंद जोडे शिवून घेतले. खरं सांगतो, पाय सुखात पडला. पन आपल्या गावात जोडे घालते कोन? पटवारी, तो बी दौऱ्यावर आला तवा. चिखलात जोड्याचा माग पाहून अर्ध्या गावानं चावडी झाडून खाट टाकली, आन गोकुळा सीधी तालमीत आल्ली. मंग उलटा चालून पाह्यलं, म्हनलं माग घराकडे जाताना दिसल. तलावाच्या पाळीवरून खाली चिखलात बदकन बसलो. आता तिथी माह्या बुडाचा बी माग हाये, आन तो बी तिनं वळखला.

असो. वयनीले नमस्कार, लेकराइले आशीर्वाद.

तुमचा सात अंगाचा भाऊ,
उमाजी

ता. क. एक बारीकसं काम होतं. तुमच्या बी डाव्या पायाले तेच टेंगूळ हाये. मंडईले आठ दिवस बाकी हायेत. पत्र भेटताच निघून या, आन रोज दुपारी अनवाणी फिरा. देवळाकडे फिरा, नदीकडे फिरा, फक्त तालमीकडे नको. गोकुळा तुमच्या मागावर फिरल, मी नाचत राहीन. मोठा भाऊ एवढं बी नाई का करनार?

आनखी एक. पत्र वाचून चुलीत घाला. हे मी तलावामागच्या मोहाखाली लपून लिहून राह्यलो. डाकवाला येईपर्यंत झाडाच्या ढोलीत ठेवतो. तिथी कोनी येत नाई.

भासरेबुवाले गोकुळाचा नमस्कार. डोक्यावर पदर घेऊनच लिहून राह्यली. ढोलीपर्यंत माग साफ होता. मंडईले जरूर या, पन उन्हात फिराचे कष्ट घेऊ नका. तुमचा माग मले वळखू येते. तुमी टाच दाबून चालता, हे पंजावर. तलावाच्या पल्याड वाघाचे बी पंजे हायेत. हे तिकडे गेल्ले का माह्या जिवाले घोर लागते. ते वाकडं टेंगूळ वाघाचा पंजा वलांडून पुढे गेल्लं दिसलं का मंग जीव भांड्यात पडते. तवा त्या टेंगळाले कोनी हात लावाचा नाई. येताना जाऊबाईचं हिरवं लुगडं आना, चांगलं लांब पाह्यजे. राणीचे रुंद जोडे झाकले पाह्यजेत. सुकलूले मी कालच सांगतलं, राणी आमच्या घरचीच होईल. पन मंडईपर्यंत हे ह्याइले सांगू नका. ह्याइले वाटते मी पोचताच कमरेवर हात ठेवते. मी दाराआडून पुरी गिरकी पाहून घेते, मंग ठेवते.