दुधीचे नूडल्स

लोहारा, १२ ऑगस्ट, सकाळी

ती. सौ. सासूबाईंना,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

आई, कालपासून माझे हात कापत आहेत. तिथं वॉर्डात फोन चालत नाही आणि घरी ह्यांच्या, बादलच्या देखत हे बोलायची हिंमत होत नाही, म्हणून चिठ्ठी तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे.

बाबांची शुगर वाढली, डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितलं. म्हणून काल मोबाइलवर पाहून निराळं केलं. बिनहाडाच्या मटणाचे पातळ काप आलं-लसूण लावून लोखंडी तव्यावर भाजले. कुंपणावरच्या दुधीच्या लांब पट्ट्या काढून नूडल्ससारख्या त्याच तव्यात परतल्या. पंधरा मिनिटांत जेवण तयार. तुमचा उपास होता, बादल कामावर. बाबा एकटेच जेवले. अर्ध्या तासात उलट्या, मग रक्त.

सगळे मटणाला दोष देत आहेत. बादल तर भारतभाऊंच्या मटणाच्या दुकानावर भांडून आले. पण आई, मटण चांगलं होतं. परतताना मी दुधीची एक पट्टी चाखली, ती कडू होती. वाटलं, तव्यावर करपली असेल. वरून लिंबू पिळलं आणि वाढलं. बाबांनी चकार शब्द न काढता ताट साफ केलं, वरून मागून घेतलं!

उरलेला दुधी पुडीत बांधून दिला आहे. डॉक्टरांना दाखवा. बाबांना काही झालं तर मी काय करू? रागवा, मारा, पण मला परकी करू नका.

तुमची,
उज्ज्वला

यवतमाळ, दवाखाना, १२ ऑगस्ट, दुपारी

चि. सौ. उज्ज्वलास,
रुपीबाईचे अ. आ.

चिठ्ठी वाचली अन् पुडी घेऊन तशीच डॉक्टरकडे धावली. ते म्हणाले, कडू दुधी जहरावानी असते, शिजवली तरी जहर जात नाही. नळी टाकून पाह्यलं, पोटात जखमा हायेत. रक्त थांबलं नाही, बीपी खाली गेला. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणते. मी काचेतून पाहून राह्यली. छाती हालते का तेवढंच पाहते.

तुह्यावर राग आला. जिभेले कडू लागलं तं मले हाक काहून नाही मारली? मी अंगणातच होती. पण तू लिहिलं नसतं तं डॉक्टर मटणाचंच धरून बसले असते. आता बादलले आपल्या तोंडानं सांग. भारतभाऊचं नाव फुकट खराब झालं.

दोघीही भेऊन बसलो तं कसं होईल? तू जेव.

तुही सासू,
रुपीबाई

लोहारा, १३ ऑगस्ट, सकाळी

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

बादलना सांगितलं. ते तसेच उठून भारतभाऊंकडे माफी मागायला गेले. मी दुधीचा वेल मुळासकट उपटला. फोन वाजला की मी अंगणात पळते. तो उचलायचं धाडसच होत नाही. बाबा कसे आहेत, एक ओळ तरी लिहा. माझ्यावर माया असू द्या.

उज्ज्वला

यवतमाळ, १३ ऑगस्ट, दुपारी

चि. सौ. उज्ज्वलास,
अ. आ.

रक्त थांबलं. बीपी वर आला. डॉक्टर आज पहिल्यांदा हसून बोलले, तवा मले रडू आलं.

ह्यायले इचारलं, कडू होतं तं खाल्लं कायले. म्हणते, पोरगी दाराशी उभी राहून माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती, मग ताटात कसं ठेवू? आजारी माणसाले रागावू नये, पण मी रागावली.

सकाळपासून तीनदा तुले इचारलं. डॉक्टरनं मुगाच्या वरणाचं पाणी सांगतलं, तं म्हणते उज्ज्वलाच्याच हातचं पाहिजे. संध्याकाळी घेऊन ये. हात कापत असले तं कापू दे. वाटी मी धरीन, तू चमच्यानं पाज.

तुही आई,
रुपीबाई