सोंडेला न दिलेला धूर

सोमवार
कॉलेजला रामराम ठोकल्यावर आज पहिल्यांदा कुणी मला कामाचा माणूस म्हटलं. वेल्डिंगची शेड लख्ख आहे. प्रत्येक टेबलाला धूर ओढणारी जाड नळी, तिला सगळे सोंड म्हणतात. मुकादमांनी बजावलं, सोंड ठिणगीपासून वीतभर, पुढे तुझं नशीब. दुपारपर्यंत माझं नाव ‘अर्धा इंजिनिअर’ पडलंही. आणि सांधे तपासून खडूने खुणा करणारी ती! तिला सगळे खडूवाली म्हणतात. घरी सांगितलं, नोकरी झकास आहे. ताई म्हणाली, नोकरी की आणखी कुणी?

गुरुवार
खडूवालीने माझ्या सांध्यावर फुली मारली, तीही सगळ्यांदेखत. बारीक भोकं पडली होती. सोंड फार जवळ आली की सांध्याला हवेपासून जपणारा गॅसही ओढून नेते. मुकादम म्हणाले, बोटभर मागे घे. माझं डोकं तापलेलं. सोंडेचं तोंड पार भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी फुली नाही. ती हसली. धूर गेला खड्ड्यात.

सोमवार
सोंड भिंतीकडेच. सांधे आरशासारखे. फक्त धूर पांगत नाही. माझ्याएवढा होऊन शेजारी उभा राहतो. मी वाकलो की वाकतो. मुकादमांना सांगितलं, तर म्हणाले, सोंड लाव आणि प्रेमात जरा कमी पड.

बुधवार
आज तो शेजारी नव्हता. हायसं वाटलं. रात्री जेवताना बोलायला तोंड उघडलं आणि आई ताट सोडून मागे सरकली. माझ्या तोंडातून धूर—

शुक्रवार
सोंड जवळ आणली. ठिणगीचा धूर निमूट जातो. माझा जात नाही. दिवसभर तोंड मिटून. खडूवालीने विचारलं, रागावलास का? राहवलं नाही, ‘नाही’ म्हटलं. एवढंच. धूर सरळ तिच्या नाकाशी— तिचा खोकला थांबेना.

शनिवार
आम्ही जोडलेल्या मोठ्या टाकीच्या आत ती आहे, सांधे तपासायला. वेल्डिंग बंद, शेडमध्ये आम्ही दोघंच. मी तोंडाला फडकं बांधून लांब— तरी धूर नाकातून निघाला. सरपटत टाकीत शिरला. आत खोकला. मग खोकलाही नाही.

हाक मारू कशी, तोंड उघडलं की आणखी— म्हणून लिहितोय. सोंड ओढून आणली. स्वतःच्या तोंडाला लावली.

ओढतेय. टाकीतला धूर मागे फिरतोय. माझ्याकडे. माझ्यातून.

ती बाहेर आली. श्वास घेतेय. ओरडतेय, “बंद कर, वेड्या.”

बटण हाताशी आहे. पण माझ्या आत अजून थोडा उरलाय, आणि धुरामागून छातीतलं काहीतरी सुट—