लेकीच्या घरची भाकरी

सणसर, सोमवार, १९५५

आज जावयाच्या घरी जेवलो. मी कोण, हे त्याला ठाऊक नाही. सुमनचं लग्न तिच्या मामानं लावलं, तेव्हा बाप वारला असंच सांगितलं. तमाशातला सोंगाड्या कुणाला सासरा म्हणून हवा असतो?

दुपारी जत्रेत माझं सोंग बघून तो पोट धरून हसला. मग माझा हात धरून म्हणाला, "तात्या, आज आमच्यातच जेवायचं हाय."

नको म्हणायला हवं होतं. पण लेक दिसेल म्हणून गेलो.

सुमननं ताट ठेवताना मला ओळखलं आणि पदर पुढं ओढून घेतला. मी तिच्या सासूला हसवत राहिलो. दुसरं काय करणार? थोड्या वेळानं सुमन भाकरी घेऊन आली.

"पाव्हणं, आणखी वाढू का?"

पोट कधीच भरलं होतं. तरी म्हणालो, "वाढ, बाई."