खुर्चीसाठी एक गोरी व्यक्ती मिळणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
हार्लो काउंटी, अलाबामा.

विषय : रुग्णाशेजारच्या खुर्चीत बसण्यासाठी एक गोरी व्यक्ती नेमून मिळणेबाबत.
संदर्भ : "आमच्या रुग्णालयात कोणाचाही रंग पाहिला जात नाही" असे कळवणारे आपले दि. ६ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

आपले पत्र रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका बराच वेळ हसत होत्या, त्याबद्दल समितीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करते.

१) आमच्या माउंट ऑलिव्ह चर्चची रुग्णसोबत समिती सहा वर्षे काम करते आहे. आमच्या काळ्या वस्तीतले माणूस छातीत दुखते म्हणून काउंटी रुग्णालयात एकटे गेले, की त्याला पाच-सहा तास ताटकळत ठेवतात आणि एक गोळी देऊन घरची वाट दाखवतात. शेजारी मिस एडिथ क्रॅन्शॉ बसल्या, की वीस मिनिटांत डॉक्टर हजर. मिस एडिथ निवृत्त ग्रंथपाल, आणि गोऱ्या. त्यांना वैद्यकातले काही कळत नव्हते. त्या बोलतही नसत, विणत बसत. एवढ्यावर आमची एकशे बारा माणसे तपासली गेली.

२) एकदा त्या हात धुवायला गेल्या आणि त्यांची निळी पर्स खुर्चीवर राहिली. नर्सबाई ती पर्स ओळखत होत्या. त्यांनी पर्सकडे पाहिले आणि आमच्या रुग्णाला चक्क "मॅडम" म्हणाल्या. ही गोष्ट आम्ही लक्षात ठेवली.

३) मिस एडिथ गेल्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला पुतण्याकडे वारल्या. अखेरीस तीन डॉक्टर उशाशी होते, याचा आम्हाला आनंदच आहे. पुतण्याने त्यांची पर्स आणि राखाडी कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीसाठी पाठवले. आम्ही ते विकले नाहीत. खुर्चीवर कोट, कोटावर पर्स, आणि "बाई आत्ताच हात धुवायला गेल्या" एवढे एक वाक्य, यावर नऊ रुग्ण निभावून नेले. चर्चची माणसे असून खोटे बोललो, हे कबूल करते.

४) दहाव्या वर्लीन हायटॉवर. वय एकेचाळीस, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या. दि. २१ जानेवारीस धाप लागली म्हणून मी त्यांना घेऊन गेले. नर्सबाईंनी पर्स पाहिली आणि म्हणाल्या, "त्या बाई येऊ देत, मग एकदमच बघू." आम्ही वाट पाहिली. दोन तास झाले, तीन झाले. आमचेच खोटे आमच्या अंगाशी आले. चौथ्या तासाला मी सांगून टाकले की बाई वारल्या आहेत. नर्सबाईंना फार वाईट वाटले. त्यांनी मला पाणी दिले, खांद्यावर हात ठेवला आणि मिस एडिथ किती चांगल्या होत्या ते सांगत बसल्या. तेवढ्यात वर्लीन गेल्या. कोटाची बाही त्यांच्या मुठीत होती, ती सोडवून घ्यावी लागली.

मी खरे आधीच का सांगितले नाही, असे आपण विचाराल. आधी सांगितले असते तर कोणी फिरकलेही नसते, असे मला वाटले. हे उत्तर माझे मलाच पुरत नाही.

५) तरी कृपया समितीस एक गोरी व्यक्ती नेमून द्यावी. शिक्षणाची अट नाही. विणता येत नसले तरी चालेल, ऐकू येत नसले तरी चालेल, खुर्चीत डोळा लागला तरी हरकत नाही. आपल्या कार्यालयात रंग दिसत नसल्याने निवड करणे अवघड जाईल, तर आम्ही येऊन निवडून घेऊ.

माझी मुलगी जनेल हिच्या पहिल्या बाळंतपणाची तारीख १९ मार्च आहे. तिच्या पायांवर सूज आहे, डोके ठणकते, डोळ्यांसमोर काजवे चमकतात. रुग्णालयाने तिला दोनदा "घाबरट आहेस" म्हणून परत पाठवले आहे. नेमणूक त्याआधी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
लुएला मे टिब्ज
सचिव, रुग्णसोबत समिती
दि. २ मार्च

सोबत :
आपल्या पत्राची प्रत.
वर्लीन हायटॉवर यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
वर्लीन यांच्या मृत्यूच्या चौकशीसाठी आपण त्याच पत्रात मागितलेले पर्स व कोट जोडलेले नाहीत. १९ तारखेसाठी आमच्याजवळ दुसरे काही नाही.