धुराच्या बाजूची टेबलं

सोमवार, ५ फेब्रुवारी
ट्रेंटनहून, राज्याच्या विधिमंडळातून पत्र आलं! कॅसिनोतल्या सिगारेटबंदीवर समितीपुढे बोलायला एकवीस तारखेला बोलावलंय. हॉटेलं, बार — सगळीकडे बंदी कधीच झाली. अटलांटिक सिटीतले आमचे कॅसिनो तेवढे सुटले; इथे एका बाजूच्या टेबलांवर अजून ओढू देतात. माझ्या नवऱ्याने, एफ्राईनने, इथे सत्तावीस वर्षं पत्ते वाटले, जन्मात एक सिगारेट ओढली नाही. गेल्या एप्रिलमध्ये फुप्फुसांच्या आजाराने गेला. एवढंच सांगायचंय. नीट सांगता यावं.

बुधवार, ७
शेजारच्या टेबलावरच्या बर्नीने आज कोणाची ड्यूटी कुठल्या टेबलावर, तो कागद वाचला.
"अगं नेरेइडा, परत धुराची बाजू मागून घेतलीस? आणि युनियनच्या सभेत बंदी, बंदी म्हणून ओरडणारी तूच!"
"तिकडे टिप बरी मिळते."
"थापा मारू नकोस! तिकडची गिऱ्हाइकं राखेशिवाय काही ठेवत नाहीत."
हसले. खोटं बोलले.

रविवार, ११
दुपारी घरी आले, पण जाकीट काढलं नाही. तशीच खुर्चीत बसून राहिले. एफ्राईन हाच धुराचा वास घेऊन दारातून आत यायचा. "आधी आंघोळ!" मी ओरडायचे. तो मुद्दाम मिठी मारायचा. त्याच्या जाकिटाचा वास जूनपर्यंतच टिकला. इतक्यांदा नाक खुपसलं, बहुधा मीच संपवला.

वास त्याचा नव्हताच. परक्यांच्या सिगारेटींचा. ज्याने त्याला नेलं, तोच. कळतं मला. तरी कॉलरपाशी नाक नेलं, की तो असतो.

म्हणून मागते ती टेबलं. लिहून टाकलं एकदाचं.

समितीला सांगावं का हे? की विचारलं नाही तर गप्प राहिलेलं चालतं?

गुरुवार, १५
खोकला. थंडीचा असेल.

बुधवार, २१
बोलले. आवाज कापला नाही. गिऱ्हाईक तोंडावर धूर सोडतं, पण आम्हाला मान वळवता येत नाही, हाताने वारताही येत नाही — हात कॅमेऱ्याला दिसत राहिले पाहिजेत. सगळं सांगितलं. एफ्राईनचंही.

एका सदस्याने विचारलं, "बाई, तुम्हाला धुरापासून लांबचं टेबल मागता येत नाही का?"
"मागता येतं. मिळेलच असं नाही."
खरं आहे. शब्द न् शब्द खरा!

आणि उठताना — शी! — सवयीने टाळी वाजवली, दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. टेबल सोडताना आम्ही कॅमेऱ्याला दाखवतो तसे: हातात काही लपवलेलं नाही. मागे बसलेले आमचे सगळे हसले, टाळ्यांचा कडकडाट केला. "काय झकास शेवट केलास गं!" बर्नी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये हात मांडीखाली दाबून बसले.

शुक्रवार, २३
समितीला पत्र टाकलं. उतरवून ठेवते:
"माझ्या साक्षीत एक राहिलं. आठ महिने धुराची टेबलं मी स्वतः मागून घेते आहे. तिथे माझ्या नवऱ्याचा वास येतो. मला ते आपणहून सुटत नाही. तुम्ही बंद करा."