सातवं बटण

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची खुशाली नंतर, आधी घरचं ऐक. मेंदूच्या आजारपणानंतर बाबा माणसं ओळखतात, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात, पण वेळेचं भान पार गेलंय. आई भाजी घेऊन अर्ध्या तासात येते. बाबांना पाच मिनिटांतच वाटतं, ती सकाळपासून गायब आहे. काल अनवाणीच तिला शोधायला निघाले आणि थेट ट्रकसमोर! मी खाली दुकानात माप घेत होतो, गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावलो. घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, ते खोटं बोलतंय. आई आता घराबाहेर पडायलाच घाबरते. एवढी शिकलीस, काहीतरी सुचव.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाट बघताना मेंदूतल्या काही पेशी एकामागून एक जाग्या होतात, त्यावरून किती वेळ गेला ते कळतं. उंदीर खाऊसाठी रोज तेवढाच वेळ थांबला की तो क्रम पक्का होतो. बाबांचा क्रम विस्कटला असावा. मी डॉक्टर नाही, खात्री देत नाही. पण बाबा जन्माचे शिंपी. आई निघाली की त्यांना बटणं काढलेला शर्ट द्या. सातवं बटण लागलं की आई दारात हजर. रोज तसंच, एकदाही चुकायचं नाही. आईला म्हणावं, भाजीवालीशी गप्पा बंद!

तिघांचा लोभ इकडेही वळू दे.

धाकटी

३ मार्च

चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली होती. दोन आठवडे बाबा जागचे हलले नाहीत, सहाव्या बटणाला हसून दाराकडे बघायचे. सोमवारी आई बाजारात पडली, मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात आहे. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला कचरताहेत. त्या दिवशी बाबांनी सातवं बटण लावलं, आई आली नाही. लावण्यात चूक झाली असं वाटून त्यांनी ते कापून पुन्हा लावलं. किती वेळा, ते मोजवलं नाही मला. मी खरं सांगितलं की मान डोलावतात आणि शर्ट मागतात. कालपासून सहाच लावतात, उसवतात, पुन्हा लावतात. सातवं मुठीत. का, विचारलं, तर म्हणाले, हे लावलं आणि ती आलीच नाही तर?

मला सुचेनासं झालंय. लोभ नको, तूच ये.

दादा

८ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

उंदीर नीट शिकला की शेवटी एक दिवस आम्ही खाऊ ठेवतच नाही. तो किती वेळ वाट बघतो, ते मी वहीत लिहिते. दादा, मी बाबांच्या बाबतीतही तेच केलं. आईची वेळ कधीतरी चुकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फार लाज वाटते.

उद्याच्या गाडीने निघते. त्यांची मूठ उघडायला जाऊ नकोस. मी शेजारी बसून दोरा ओवून देईन. आई परत आली तर उत्तमच. नाही आली, तर ते बाबांना सांगायचं मी, रोज, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

धाकटी