तिसऱ्यांदा चोळलेलं पीठ

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. सासूला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एका घरात राहून कोण लिहितं? पण आज सकाळी मासेवाली शालन दारात आली आणि मला लिहायला बसावं लागलं.

पाटीत धरणातली चिलापी होती. मी नेहमीसारखी ‘नको गं’ म्हणाले. ती पायरीवर टेकली. “तुमी तर खात न्हाय वैनी. मग आत्याबाई तीन-तीनदा पीठ कुणासाठी चोळायच्या वो?”

“कसलं पीठ?”

“जवारीचं, माशाला! आमी एकदा चोळतो, धुतो, झालं. मी म्हणायचे, आवं, मासा झिजंल की! तर म्हणायच्या, सूनबाईला चिखलाचा वास येतो. समिंदराकडची हाय ती.”

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं!

लग्न होऊन गुहागरहून पळसदेवला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. तुम्ही मोठ्या हौसेनं रस्सा केला होतात. नारळ नाही, कोकम नाही. काळा मसाला आणि दाटपणाला येसूर, भाजलेल्या बाजरी-हुलग्यांचं मसालेदार पीठ. माशात बाजरी! एक घास खाल्ला आणि फोनवर आईला हसत सांगितलं, “अगं, मासा कसला, चिखल शिजवतात इथे!” तुम्ही गोठ्यात आहात असं मला वाटलं होतं.

त्यानंतर दर बुधवारी घरात मासे शिजले की माझ्यासाठी वेगळा बटाट्याचा रस्सा. तरी प्रत्येक वेळी विचारायचात, “वाईच खाऊन बघती का?” मी म्हणायचे, उपास आहे. बुधवारी कसला हो उपास? तुम्ही एकदाही का नाही विचारलं? एकदा तरी रागवायचं होतं!

बाकी सगळं मी खाल्लं. हुलग्याचं माडगं पहिल्यांदा पाहून नाक मुरडलं, पण पुढे तेच मागून घेतलं. ताकातल्या कण्या, शेंगोळे, सगळं शिकले. फक्त तुमच्या माशापाशी अडले. अठरा वर्षं.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा तुम्ही बोट दाखवलं होतंत. “देवळाच्या अल्याड आमचं काळं रान हुतं. पानी आलं आन् मासं रांदाय शिकले. आदी कुटं येत हुतं मला?” मी मान डोलावली आणि मोबाइलवर देवळाचा फोटो काढला. मी निदान गाव सोडून आले होते. तुमचं तर तिथल्या तिथेच सगळं बदललं. हे मला तेव्हा का नाही सुचलं?

आज दोन मासे घेतले. तीनदा पीठ चोळलं, तीनदा धुतलं. तुमच्या हातचं येसूर डब्याच्या तळाला होतं, ते सगळं घातलं. एकटीच जेवायला बसले.

वास आला, आत्याबाई. तीनदा चोळूनही, थोडासा. घास तोंडात तसाच राहिला. मग तुमचं ते बोट आठवलं, देवळाच्या अल्याडच्या काळ्या रानाकडचं. तो चिखल कुठला, हे मला कधी कळलंच नव्हतं.

ताट पुसून खाल्लं. येसूर आता मला करावं लागेल. हुलगे करपतील, पण करीन. आणि पुढच्या बुधवारपासून माशाला पीठ एकदाच चोळीन.

तुमची,
समिंदराकडची सूनबाई